मंगळवारचा सामना

सकाळी ९.३०
अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात मी तिकीटविक्री सांभाळते. आज संध्याकाळी सातला पुरुष संघाचा बास्केटबॉल सामना. संगणकावर नकाशा उघडला: खालच्या रांगा विकलेल्या, वरचा मजला जवळजवळ मोकळा. बाहेर बर्फ, उद्या शाळा, समोरचा संघ कुणाच्या ओळखीचा नाही. या तिन्हींवर नुसत्या स्वस्ताईचा उतारा चालत नाही.

११.००
बैठक. वरच्या मजल्याचा दर आजच्यापुरता निम्मा करा, अशी सूचना आली. मी ठाम विरोध केला. खाली बसणाऱ्याने ऑक्टोबरातच मोसमभराचे पैसे भरलेत, शिवाय क्रीडा निधीला देणगी दिली आहे. आपण ऐनवेळी भाव पाडला की पुढच्या वर्षी तो सीझन तिकीट घेणार नाही, वाट बघत बसेल. पुनर्विक्रीच्या ॲपवर आमचीच तिकिटं आधीच आमच्याहून स्वस्त आहेत. मागणी असली की सगळं उलटं होतं. २०२३-२४ मध्ये आयोवा विद्यापीठात केटलिन क्लार्क खेळत होती. महिला संघाची सीझन तिकिटं मोसमाआधीच संपली आणि पुनर्विक्रीत एकेक तिकीट शेकडो डॉलरला गेलं. स्टेडियम भरलं, पण ऐपत नसलेली घरं बाहेर राहिली, हेही मी विसरत नाही.

दुपारी १.३०
खिडकीशी नाशिकचा एक विद्यार्थी. "ताई, आम्हाला खरंच फुकट?" म्हटलं, फीच्या पावतीत क्रीडा शुल्काची ओळ बघ, तू पैसे कधीच भरलेस. भरूनही ही मुलं येत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. ड्यूक विद्यापीठाच्या कॅमेरॉन इनडोअर स्टेडियममध्ये जेमतेम ९,३१४ माणसं मावतात. तिथेही पदवीच्या विद्यार्थ्यांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत, तरी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यासाठी मुलं कित्येक आठवडे तंबू ठोकून राहतात, कारण मैदानाला खेटून उभं राहायला मिळतं. आमच्याकडे त्या जागा देणगीदारांच्या. विद्यार्थी कोपऱ्यात, वर.

४.००
मध्यंतरात एका शाळेचा बँड वाजवणार आहे. त्यांच्या घरच्यांना पाच डॉलरचं तिकीट. लेकरू वाजवणार म्हटल्यावर आजी-आजोबासुद्धा बर्फातून येतात. चौघांच्या घराला तिकिटापेक्षा पार्किंग आणि खाणं जड जातं, म्हणून भांडून त्यांचं पार्किंग माफ करून घेतलं.

६.४५
दारावर स्कॅनर. विकलेली तिकिटं हा एक आकडा, आत आलेली माणसं हा दुसरा. जाहीर होतो तो बहुधा पहिला. प्रायोजकांना वाटलेले फुकट पास सगळ्यात कमी येतात. खिशातून काहीच गेलं नसलं की घरी बसायला कारण लागत नाही.

रात्री ९.३०
जिंकलो. बँडवाली मुलं घरच्यांसकट शेवटपर्यंत वर बसून होती, खालच्या विकलेल्या रांगांत मात्र मोकळ्या खुर्च्या टीव्हीवर दिसत राहिल्या. क्रीडा संचालकांना लगेच लिहिलं: शनिवारी पहिल्या दहा मिनिटांत ज्या खुर्च्या भरणार नाहीत, त्या विद्यार्थ्यांना खुल्या करा.