सूत्र आधी की समस्या? : नीतिशास्त्राचे अध्यापन आणि लोणार

महानुभावांच्या ‘दृष्टान्तपाठा’त सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक असा क्रम असतो. सूत्र अगोदरच सिद्ध असते. दृष्टान्त ते श्रोत्याच्या गळी उतरवितो. विद्यापीठांतून नीतिशास्त्र पुष्कळदा याच रीतीने शिकविले जाते : आधी कान्टचे किंवा मिलचे मत, मागाहून उदाहरण. समस्याधिष्ठित अध्यापन हा क्रम उलटविते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ पासून वैद्यकात ही पद्धती अवलंबिली. परंतु रोगनिदानास बहुधा एक उत्तर असते. नीतिप्रश्नाचे तसे नाही. म्हणून समस्येची निवडच येथे निर्णायक ठरते.

लोणारचे सरोवर घ्यावे. ‘सरोवर शुद्ध राखावे’ या वाक्यास कोणीही विरोध करणार नाही, आणि नेमकी तेथेच गोम आहे. उल्कापाताने बेसाल्टात पडलेल्या या विवरातील पाणी खारे व तीव्र अल्कधर्मी आहे. त्यातील विशिष्ट सूक्ष्मजीव त्या खारेपणावरच तगून आहेत. गोडे पाणी फार मिसळले तर ते पिण्याच्या दृष्टीने सुधारेल, परंतु सरोवराचे सरोवरपण जाईल. काठावरील कमळजादेवीच्या भक्तास शुद्धता म्हणजे पावित्र्य. नगराच्या आरोग्याची चिंता वाहणाऱ्यास सांडपाण्याचा अभाव. जीवशास्त्रज्ञास क्षारतेचे सातत्य. शब्द एक, अर्थ तीन, आणि तिन्ही अर्थ एकाच वेळी पाळता येतीलच असे नाही.

जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीवांत दाखविले. त्याच वर्षी सरोवर रामसर यादीतही आले. कारण कळले, तथापि त्या रंगास बिघाड म्हणावे काय, हे कारणातून निष्पन्न होत नाही. वस्तुस्थितीपासून मूल्याकडे जाताना मध्ये पडणारी ही फट ह्यूमच्या नावाने पाठ करण्यापेक्षा विद्यार्थ्याने येथे स्वतः अनुभवावी.

मग मिल हवा असे वाटू लागते : सुखाच्या हिशेबात कोणाकोणाला धरावयाचे? विवेकशील व्यक्तींपलीकडे, एखाद्या जलाशयाप्रत थेट कर्तव्य संभवते काय, असे विचारताच कान्टही आपोआप येतो. अध्यापकाने मात्र तोवर गप्प राहणे आवश्यक आहे. हा संयम व्याख्यानाहून कठीण.

प्रश्नपत्रिकेत अखेर ‘कान्टचे मत सांगा’ एवढेच विचारले गेले, तर विद्यार्थी ते चतुराईने ओळखतो, लोणार वगळतो आणि टिपणे पाठ करतो. तेव्हा समस्या पुन्हा दृष्टान्त होऊन बसते.