दाताच्या मुळातील धावनद्राव आणि उपचारानंतरची वेदना

चेन्नईचे शासकीय दंत महाविद्यालय १९५३ साली मद्रास मेडिकल कॉलेजची दंतशाखा म्हणून सुरू झाले. अशा सरकारी रुग्णालयाच्या बाकांवर रोजंदारीवर पोट भरणारी माणसेही बसलेली असतात. दाताच्या मुळावरील उपचार, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेले ‘रूट कॅनल’, झाल्यावर दुसऱ्या दिवशी दात ठणकू लागला, तर त्यांची मजुरी बुडते आणि पुढच्या बैठकीस यावयाला मन घेत नाही. या वेदनेची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एकाचाच, म्हणजे मूळ धुण्याच्या द्रावाच्या तीव्रतेचा, येथे विचार करू.

दाताच्या पोटात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ गर असतो. कीड तेथवर पोहोचली की तो सुजतो व पुढे कुजतो. दंतवैद्य बारीक कानशींनी मुळातील नलिका खरवडून साफ करतात. परंतु तिला आडवाटा इतक्या असतात की कानस सर्वत्र पोहोचत नाही. तेथे द्रावच पोहोचवावा लागतो. इंग्रजीत त्याचे नाव शेताला पाणी देण्याच्या शब्दावरून पडले आहे; काम धुण्याचे असल्यामुळे आम्ही त्यास ‘धावनद्राव’ म्हटले आहे.

सर्वांत प्रचलित धावनद्राव म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. कपड्यांचे डाग घालविणाऱ्या द्रावातही हेच द्रव्य असते. ते जंतूंना मारते आणि कुजलेला गर विरघळविते. मात्र मृत काय आणि जिवंत काय, हा भेद त्याला कळत नाही. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, हेन्री डाकिन या इंग्रज रसायनज्ञाने सैनिकांच्या जखमा धुण्यासाठी याचा जो द्राव सिद्ध केला, तो सुमारे अर्ध्या टक्क्याचाच होता. जंतू मरावेत, पण मांस भाजू नये, हाच पेच तेव्हाही होता.

दंतवैद्यकात अर्ध्या टक्क्यापासून सव्वापाच टक्क्यांपर्यंत, क्वचित त्याहूनही तीव्र द्राव वापरतात. मग वेदना कशाने कमी? इराणमध्ये झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गर सुजलेला, पण जिवंत होता. तेथे पहिल्या तीन दिवसांत अडीच टक्क्यांपेक्षा सव्वापाच टक्क्यांच्या द्रावाने कमी वेदना झाल्या. ईजिप्तमधील २०२० सालच्या चाचणीत गर मृत होता. तेथे नेमके उलट घडले, १.३ टक्क्यांचा द्राव सुसह्य ठरला. याचा अर्थ असा लावता येईल: सुजलेल्या गराचे अवशेष मागे राहिले तर तेच ठणकतात, म्हणून ते विरघळविणारा तीव्र द्राव उपकारक ठरतो. गर मृत असेल, तर दुखणारा भाग मुळाच्या टोकापलीकडे असतो आणि तेथे झिरपलेला तीव्र द्राव त्याला अधिकच डिवचतो. अर्थात दोन चाचण्यांवरून नियम बांधणे घाईचे होईल.

सौम्य द्राव वापरल्याने दात बरा होण्यात कसूर राहील काय? रोहतक येथील २०१९ सालच्या चाचणीत एक व पाच टक्क्यांची तुलना झाली. वर्षभरानंतर मुळाच्या टोकाचा भाग भरून येण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. गराशी संयोग होताच द्रावातील क्लोरीन खर्ची पडतो, म्हणून सौम्य द्राव पुनःपुन्हा ताजा घालावा लागतो.

मात्र सुई नलिकेत घट्ट अडकवून जोराने दाब दिला, तर द्राव हाडात शिरून तत्काळ असह्य कळ व सूज येते. यासाठी सुई सैल ठेवून टोकापासून थोडी अलीकडेच थांबवितात आणि दट्ट्या सावकाश दाबतात.