डबा नको, आज मीटिंग आहे!

तुमचा लंच अवर कसा जातो? एका हातात चमचा, दुसऱ्या हातात माउस. डब्यात भाजी कुठली होती, हे संध्याकाळी आठवतही नाही. बरोबर? अशा जमान्यात दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या हॉलमध्ये एकत्र बसून तासभर जेवणारी काही मंडळी आहेत. कॉलरवर छोटंसं दातेरी चाक मिरवणारी ही मंडळी म्हणजे रोटेरियन्स.

या चाकाची गोष्ट सुरू होते ती एका एकट्या पडलेल्या माणसापासून. पॉल हॅरिस हा छोट्या गावात वाढलेला वकील. शिकागोत प्रॅक्टिस थाटली, ओळखीही झाल्या, पण गावातली दोस्ती काही सापडेना. (हिंजवडीत किंवा अंधेरीत पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको!) २३ फेब्रुवारी १९०५ रोजी तो तिघांना भेटला. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण इंजिनीअर आणि एक टेलर. पुढची भेट दुसऱ्याच्या ऑफिसात, त्यानंतरची तिसऱ्याच्या. अशी आळीपाळी, म्हणजेच रोटेशन. म्हणून नाव पडलं रोटरी.

एकमेकांना धंदा मिळवून द्यायचा, हा सुरुवातीचा सरळ हिशेब होता. पण १९०७ मध्ये क्लबने शिकागोत सार्वजनिक शौचालयाचा प्रश्न हाती घेतला आणि दोस्तीला काम मिळालं. भारतात ही कल्पना आधी कोलकात्यात पोहोचली, १९१९ मध्ये. मुंबईत क्लब सुरू झाला १९२९ मध्ये.

घंटा वाजते, मग?

साधारण कुठल्याही क्लबात क्रम सारखाच. अध्यक्ष घंटा वाजवतात. पाहुण्यांची ओळख होते, वाढदिवसाच्या टाळ्या पडतात, सेक्रेटरी घोषणा करतात. कुठे रक्तदान शिबिर, कुठे शाळेसाठी बाकं. मग वीस-पंचवीस मिनिटं पाहुण्या वक्त्याची, दोन-चार प्रश्न, आभार आणि पुन्हा घंटा. सगळं घड्याळाच्या काट्यावर!

खरी गंमत मात्र टेबलावर असते. मूळ कल्पनाच अशी, की एका व्यवसायाचा एकच माणूस क्लबात हवा. नियम पुढे सैल झाला, पण सरमिसळ टिकली. त्यामुळे तुमच्या शेजारी दातांचा डॉक्टर, समोर बिल्डर आणि पलीकडे कॉलेजची प्राचार्य. रोज आयटीवाल्यांनी आयटीवाल्यांशीच आयटीबद्दल बोलायचं, यातून सुटका!

गप्पांतून काय निघतं?

रोटरीने १९८५ मध्ये पोलिओप्लस मोहीम सुरू केली. १९८८ मध्ये जगात १२५ देशांत मिळून वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुलांना पोलिओ होत होता. सरकार, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि लाखो कार्यकर्ते यांच्या जोडीने हे क्लबही कामाला लागले. बूथवर उभं राहायचं, निधी जमवायचा, घरोघर समजावत फिरायचं. भारतातला शेवटचा वाइल्ड पोलिओ रुग्ण आढळला जानेवारी २०११ मध्ये, हावड्यात. मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. एवढ्या मोठ्या कामातला एक धागा या जेवणाच्या टेबलांवरूनही गेला.

पण सगळं गोडगोडच आहे का?

नाही. बायकांना जगभर सभासदत्व खुलं व्हायला १९८९ उजाडलं. हॉटेलातल्या लंचचं बिल नवख्या पगारदाराला झेपतंच असं नाही. शिवाय दर आठवड्याला बॉसला काय सांगून निघायचं? हजेरी हा तर जुना कळीचा मुद्दा. आपल्या क्लबची मीटिंग चुकली, तर दुसऱ्या गावातल्या क्लबात बसून ती 'मेक-अप' करायची, अशी पद्धत. २०१६ मध्ये मात्र नियम सैल झाले. महिन्यातून किमान दोनदा भेटा, बाकी तुमचं तुम्ही ठरवा.

जुन्या मंडळींची भीती वेगळीच. रोज फोनवर दिसणारी माणसं ओळखीची होतात, हक्काची होत नाहीत. रात्री दोन वाजता रक्ताची बाटली हवी असते, तेव्हा फोन लागतो तो शेजारी बसून जेवलेल्या माणसाला. भेटी कमी केल्या, तर हा हक्क उरेल का? प्रश्न नुसता रोटरीचा नाही, तुमच्या-आमच्या शहराचाही आहे.

जाऊन बघायचंय? सभासदाचा पाहुणा म्हणून जाता येतं. अठरा वर्षांपुढच्या तरुणांसाठी रोटरॅक्ट आहे. तिशीची अटही २०२० पासून उठली आहे. फक्त जाताना तीन गोष्टी जरूर विचारा: वर्षाचा खर्च किती, गेल्या वर्षी नेमकं काम काय केलं आणि त्यात फोटोपुरते किती जण होते? तिसऱ्या प्रश्नाला जे मोकळेपणाने हसून खरं उत्तर देतील, त्यांच्या टेबलावर बिनधास्त बसा.