प्रश्न ठरवताना कोण होतं?

समजा, विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यात मधुमेहाची पाहणी चालू आहे. आशाताई घरोघरी फिरताहेत. एका घरात ऐकू न येणारे आजोबा आहेत. त्यांची उत्तरं सूनबाईच देऊन टाकतात. लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मावशींचा पाय मधुमेहाच्या जखमेमुळेच कापावा लागला. पाहणीतल्या रक्ततपासणीच्या शिबिरासाठी खाली उतरणं त्यांना जमत नाही, म्हणून त्यांची नोंदच होत नाही. हा आजार काय काय हिरावतो हे ज्यांना सर्वांत जास्त ठाऊक, त्यांच्याविनाच अहवाल पूर्ण होतो.

२०११च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी, म्हणजे २.२१ टक्के लोक दिव्यांग म्हणून नोंदले गेले. 'घरात कुणी अपंग आहे का?' असं विचारलं, की अनेक घरं संकोचाने 'नाही' म्हणतात. म्हातारपणी दिसेनासं होणं तर कुणी त्यात धरतही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या 'वॉशिंग्टन गटा'चे सहा प्रश्न 'अपंग' हा शब्दच टाळतात. 'चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का?' असं साधं विचारतात. प्रश्न बदलला की माणसं दिसू लागतात.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ६ सांगतं, की दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं तर तिला समजेल अशा माध्यमातून तिची संमती घ्यायला हवी. आणि अशा संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीत किमान निम्मे सदस्य स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संस्थांचे हवेत. पण परवानगी ही शेवटची पायरी. भागीदारी त्याआधी, प्रश्न ठरवतानाच सुरू होते.

पुण्यात भार्गवी दावर यांनी हेच करून दाखवलं. आईमुळे त्यांनी लहानपणीच मनोरुग्णालयं जवळून पाहिली होती. १९९९ मध्ये त्यांनी 'बापू ट्रस्ट' उभा केला. मानसिक त्रास भोगलेल्या माणसाचा अनुभव हेही ज्ञान आहे, या भूमिकेतून संस्थेने पुण्याच्या वस्त्यांमध्ये काम आणि अभ्यास केला. २०२४ मध्ये दावर गेल्या. ती भूमिका आपल्या हाती सोपवून.

मनवेलपाड्यातल्या त्या मावशी मानधन घेऊन पाहणीच्या गटात बसल्या, तर त्या 'साखर किती?' एवढ्यावर थांबणार नाहीत. त्या विचारतील, 'पायाला जखम दिसल्यापासून डॉक्टरकडे पोचायला किती दिवस लागले? आणि का लागले?' पुढच्या माणसाचा पाय वाचवणारं उत्तर याच प्रश्नातून मिळेल.