जुना संगणक, नवी प्रणाली

चेन्नईजवळच्या सिरुसेरीच्या आयटी पार्कात नोकरीला असलेल्या मराठी मुलांना गावाकडून हमखास फोन येतो : "अरे, कॉम्प्युटर अपग्रेड करा म्हणतोय, करू का?"

प्रश्न रास्त आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. संगणक चालतो, पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या आपोआप मिळत नाहीत. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, मान्य यादीतला प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. चिप तपासायला विंडोजचे बटण आणि 'आर' एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत 'टीपीएम डॉट एमएससी' इंग्रजीत टाइप करा. खिडकीत आवृत्ती दिसते.

चिप नसेल तर संगणक लगेच भंगारात काढू नका. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने डेबियनवर बेतलेली 'बॉस' ही मोफत लिनक्स प्रणाली घडवली आहे. तीत मराठीही चालते. अनेक लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवरून आधी चालवून पाहता येतात. प्रिंटर, वायफाय चालतो का, तेव्हाच कळते.

वाट कोणतीही असो, आधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि ती उघडते का तेही पाहा.