लाल सोनं, निळं सोनं

सोन्याचा रंग कोणता? ‘पिवळा! हे काय विचारणं झालं?’ असं म्हणाल तुम्ही. थांबा जरा. कोरोनाच्या काळात घरी चाचणी करायची पट्टी मिळायची, तिच्यावर लालसर रेघ उमटायची, आठवतं? त्यातल्या बऱ्याच पट्ट्यांवरची ती रेघ चक्क सोन्याची होती!

सोन्याचे कण अगदी बारीक झाले, म्हणजे साधारण २० नॅनोमीटरचे (एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे १ नॅनोमीटर, करा कल्पना!), की त्यांच्यातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर झोके घेऊ लागतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला तरच तो उंच जातो ना? तसा या इलेक्ट्रॉनांशी हिरव्या प्रकाशाचा ताल जुळतो. हिरवा प्रकाश शोषला जातो आणि आपल्याला लाल दिसतं. मायकेल फॅरेडेने १८५७ साली सोन्याचं असं माणकासारखं लाल पाणी केलं होतं. त्याच्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवल्या आहेत.

खरी गंमत पुढेच आहे. १९०४ साली किर्शनर आणि झिग्मंडी यांनी सोन्याचे कण असलेलं जिलेटिन तपासलं. जिलेटिन म्हणजे जेलीत घालतात तेच. तो एक नैसर्गिक पॉलिमर आहे. ओलं असताना लाल, वाळलं की निळं! पुन्हा भिजवा, पुन्हा लाल. सोनं तेवढंच, कणही तेच. मग बदललं काय? कणांमधलं अंतर! जिलेटिन आक्रसलं, कण जवळ आले.

हे गणितात कसं बसवायचं? इवल्याशा पापुद्र्यातसुद्धा कोट्यवधी कण. एकेकाचा हिशेब कोण करणार? त्याच वर्षी इंग्लंडमधल्या मॅक्सवेल गार्नेटने युक्ती काढली. सरबत पिताना आपण साखरेचे कण मोजतो का? नाही ना! तसा सगळा पापुद्रा एकच पदार्थ मानायचा. सोन्याचा हिस्सा किती आणि भोवती काय आहे, एवढं कळलं की रंगाचा अंदाज निघतो. सोन्याचा हिस्सा वाढला की हिरव्याऐवजी तांबड्याकडचा प्रकाश शोषला जातो, हे या हिशेबातून दिसतं. पापुद्रा बनवण्याआधीच रंग कळला, तर महागडं सोनं वाया जात नाही.

पण कण अगदी खेटून बसले, की शेजाऱ्याचा झोका आपल्या झोक्याला ओढू लागतो आणि ही युक्ती फसते, बरं का! मग संगणकाला एकेका कणाचा हिशेब करायला बसवावं लागतं.

आता तुमची पाळी. चांदीचे असे गोल कण जांभळा-निळा प्रकाश शोषतात. मग चांदीचा पापुद्रा कोणत्या रंगाचा दिसेल, सांगा पाहू?

(उत्तर : पिवळा!)