खामगाव ते लोणार, सहकुटुंब
खामगावहून सहकुटुंब निघालेली गाडी प्रथम बोथ्याच्या घाटात, ज्ञानगंगा अभयारण्यात शिरते. टिपेश्वरहून तेराशे किलोमीटर चालून एक तरुण वाघ २०१९ च्या अखेरीस येथेच पोहोचला. जोडीदाराच्या शोधात आला असावा, असे तज्ज्ञ म्हणत. येथे मात्र वाघीण नव्हती.

पुढे चिखली, मेहकरमार्गे लोणार. उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. जून २०२० मध्ये क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे त्यातील पाणी गुलाबी झाले. त्याच वर्षी रामसर दर्जाही लाभला. तळाशी उतरण्याचा हट्ट नातवंडांचा, वर चढताना धाप लागते ती आजोबांना. त्यांनी गावातील दैत्यसूदन मंदिराची शिल्पे निवांत पाहावीत. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नेम असणाऱ्यांनी डबा घरूनच न्यावा. परतीची वाट लांबची आहे.